तलवारीला धार, झोपेला कात्री

रात्रीचा एक वाजलेला असतो. दहा बाय बाराच्या खोलीत सगळे झोपलेले असतात आणि एका गोधडीखाली उजेड हलत असतो. आईला वाटते, पोरगा व्हिडिओ बघतोय. बापाला वाटते, मारामारीचा गेम चाललाय. पण त्या घडीला तो कोणालाच मारत नसतो. तो पडद्यावरच्या लोहाराच्या दुकानापुढे तलवार घेऊन उभा असतो. समोर एक बटण असते, 'अपग्रेड'. तो श्वास रोखून बटण दाबतो. तलवार फुटते. चार आठवड्यांची मेहनत गेली. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

मोबाइल गेमबद्दल आपण बोलतो ते 'वेड लागलंय' आणि 'फोन फोडून टाकीन' या दोन वाक्यांत. माझे म्हणणे असे, की शिव्या देण्याआधी ते बटण समजून घ्या. झोप आणि पैसा बहुतेक वेळा तिथूनच गळतो. आणि त्यात पोराच्या स्वभावापेक्षा बटण बनवणाऱ्याच्या हिशोबाचा वाटा मोठा असतो.

पोराला त्यात मिळते तरी काय?

या खेळांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. खेळणारा एक पात्र घेतो, योद्धा, तिरंदाज किंवा जादूगार, आणि इंटरनेटवरून हजारो लोकांबरोबर एकाच दुनियेत वावरतो. पात्राची ताकद त्याच्या अंगावरच्या सामानावर ठरते: तलवार, चिलखत, बूट, अंगठी. मुले त्याला 'गिअर' म्हणतात. हे गिअर आपल्या मनाप्रमाणे घडवता येते. कोणता दगड बसवायचा, वेग वाढवायचा की मार, याचा विचार करावा लागतो. त्यात डोके लागते, हिशोब लागतो, धीर लागतो. चार मित्रांची टोळी, ज्याला 'गिल्ड' म्हणतात, ती एकमेकांना मदत करते.

यात वाईट काही नाही. उलट एक गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. शाळेत ज्याला मागच्या बाकावर बसवले जाते, कामावर ज्याला नावाने कोणी हाक मारत नाही, त्याच्या मेहनतीची नोंद तिथे लगेच होते. दोन तास घातले, तलवार +५ ची +६ झाली. अनोळखी लोक थांबून विचारतात, "भावा, ही कशी बनवलीस?" हा मान खरा वाटतो. तो नुसताच हिसकावून घेतला, तर पोरगा गेम सोडत नाही, घरच्यांशी बोलणे सोडतो.

लोहाराचे दुकान की लॉटरीचे?

अडचण पुढे सुरू होते. सुरुवातीचे अपग्रेड जवळजवळ हमखास यशस्वी होतात. +१, +२, +३ सहज. हात बसतो, विश्वास बसतो. मग यशाची शक्यता घसरू लागते. शंभरात पन्नास, तीस, दहा, कधी त्याहून कमी. अनेक खेळांत अपयश आले की पायरी खाली जाते, तर काहींत वस्तूच नष्ट होते. हे आजचे नाही. १९९८ साली दक्षिण कोरियात आलेल्या 'लिनिएज' या गाजलेल्या खेळात ठरावीक पायरीपलीकडे शस्त्र बळकट करायला गेले आणि जमले नाही, तर ते शस्त्रच नाहीसे होई. पुढे कित्येक खेळांनी हाच साचा घेतला.

मग खेळाच्या दुकानात आणखी एक वस्तू येते. ती वापरली तर अपयश आले तरी तलवार फुटत नाही. ती मिळवायला पैसे लागतात, नाहीतर खूप वेळ. भीती ज्या दुकानात तयार होते, त्याच दुकानात तिच्यावरचा ताईतही विकला जातो. ही युक्ती आपल्याला नवी नाही. गंडे-दोरे विकणारा बुवा हेच करतो, आधी साडेसाती सांगतो, मग उपाय.

गंमत म्हणजे खेळणाऱ्यांमध्ये अंधश्रद्धाही तशाच तयार होतात. कोणी म्हणतो, रात्री बारा वाजता दाबले की होते. कोणी नकाशावरच्या एका ठरलेल्या जागी उभा राहूनच दाबतो. कोणी दुसऱ्याची तलवार फुटायची वाट बघतो, म्हणजे आता आपला नंबर. घरातून आपण नवस-सायास बाहेर काढले, ते मोबाइलमधून परत आत आले तर कसे चालेल?

आणि पैसे नाही दिले म्हणजे फुकट झाले असेही नाही. पैसे न देणाऱ्याला अपग्रेडचे सामान गोळा करावे लागते. रोजची कामे रोज केली नाहीत तर ती बुडतात. खास बक्षिसाची मुदत तीन दिवस, सात दिवस. खिशात पैसे नाहीत? मग रात्र द्या. आपल्या वस्तीतली पोरे बहुतेक वेळा हीच किंमत मोजतात.

कोरियात काय उघड झाले

हे मी अंदाजाने बोलत नाही. दक्षिण कोरियात नेक्सॉन कंपनीचा 'मेपलस्टोरी' नावाचा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम २००३ पासून चालतो. त्यात गिअरचे गुण बदलण्यासाठी 'क्यूब' नावाची वस्तू २०१० साली आली. क्यूब वापरला की गिअरवर कोणते गुण येतील हे नशिबावर. एका क्यूबची किंमत प्रकारानुसार १,२०० किंवा २,२०० वोन, म्हणजे साधारण पाऊणशे ते दीडशे रुपये. एकदा वापरला की संपला.

तिथल्या व्यापार आयोगाने चौकशी केली. खेळाडूंना हवे असलेले गुण कमी वेळा यावेत असा बदल कंपनीने २०१० मध्येच केला होता आणि तो लपवला होता. त्याहून गंभीर म्हणजे, २०११ पासून काही सर्वांत लोकप्रिय गुणांची जोडणी येण्याची शक्यता थेट शून्य करून ठेवली होती. लोक वर्षानुवर्षे पैसे घालत राहिले, आणि डब्यात ती चिठ्ठीच नव्हती! खरे आकडे बाहेर आले ते २०२१ मध्ये, खेळाडूंनी निषेधाचे फलक लावलेले ट्रक कंपनीच्या दारात पाठवले तेव्हा. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वोन दंड केला, आपल्या रुपयांत सत्तर कोटींहून अधिक. एक खेळाडू एकटा कोर्टात गेला होता. खालच्या कोर्टात हरला, पण वरच्या कोर्टाने त्याच्या खर्चातला पाच टक्के भाग परत द्यायला लावला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. २२ मार्च २०२४ पासून कोरियात नशिबावर चालणाऱ्या वस्तूंची शक्यता जाहीर करणे कायद्याने बंधनकारक झाले.

जपानने एका विशिष्ट प्रकारच्या सोडतीला २०१२ मध्येच बेकायदेशीर ठरवले. बेल्जियममध्ये २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्यांना जुगार मानले गेले. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पण तलवारीवर घातलेला पैसा पैशाच्या रूपात परत यायचाच नसतो, म्हणून त्या कायद्याचा मुख्य रोख इकडे नाही. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हिशोब आपणच शिकला पाहिजे.

स्टीलच्या डब्यातला धडा

एक प्रयोग घरी करा. दहा सारख्या चिठ्ठ्या घ्या. एकीवर फुली मारा. डब्यात टाका, हलवा, पोराला एक काढायला सांगा. फुली आली तर तलवार बळकट झाली. नाही आली तर चिठ्ठी परत डब्यात टाकून पुन्हा हलवायचे. ही झाली दहा टक्के शक्यता.

पोरगा म्हणेल, "दहा वेळा काढली की एकदा येणारच." इथेच फसगत आहे. शंभर मुलांनी दहा-दहा वेळा चिठ्ठी काढली, तर साधारण पस्तीस मुलांना एकदाही फुली मिळत नाही. वीस वेळा काढली तरी बारा मुले रिकाम्या हाताने राहतात. समजा एका वेळेला ४० रुपये लागतात. वीस वेळचे झाले ८०० रुपये, म्हणजे एका घराचे महिन्याभराचे दूध. आणि तरीही शंभरात बारा घरांत तलवार तशीच.

दुसरी गोष्ट. नऊ वेळा अपयश आले म्हणून दहाव्या वेळी शक्यता वाढत नाही. डब्याला आठवण नसते. काही खेळांत ठरावीक अपयशांनंतर यश देण्याचा नियम लिहिलेला असतो. तसा लिहिलेला असेल तरच तो धरावा. 'इतके घातले, आता थांबलो तर सगळे वाया' हे वाक्य तोंडी आले की समजा, थांबायची वेळ झाली. गेलेले गेले. पुढच्या चिठ्ठीचा त्याच्याशी संबंध नाही.

हा खेळ पंधरा मिनिटे खेळला तर एका तासाच्या भाषणापेक्षा जास्त समजते. पोराने स्वतःच्या हाताने हरून पाहिलेले असते.

आजार कधी म्हणायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर'ला जागा दिली आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पण खेळणारा प्रत्येक जण आजारी नव्हे. तीन खुणा सांगितल्या आहेत: खेळावर ताबा राहत नाही, खेळ बाकी सगळ्यापेक्षा वरचढ होतो, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जातो. हे साधारण बारा महिने चालले आणि शिक्षण, काम, नाती बिघडली, तर तो आजार. त्रास तीव्र असेल तर डॉक्टर त्याआधीही तसे ठरवू शकतात.

त्याच्या कितीतरी आधी झोप मोडते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. एकला झोपून सहाला उठणारा पोरगा पहिल्या तासाला पेंगतो, घरी चिडतो, सकाळी खात नाही. आपण त्याला 'आळशी' म्हणतो. खरे तर तो झोपेचा कर्जदार असतो. हे फक्त शाळकरी मुलांचे नाही. रात्रपाळी करून आलेला, दिवसभर गाडीवर डिलिव्हरी करणारा तरुणही दोन तास तलवारीला धार लावत बसतो आणि दुसऱ्या दिवशी तारवटलेल्या डोळ्यांनी रस्त्यावर उतरतो. तिथे तलवार फुटण्यापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते.

घरात काय करावे

फोन फोडू नका. शेजारी बसा आणि म्हणा, "दाखव बरं तुझी तलवार." मग तीन प्रश्न विचारा. शक्यता किती लिहिली आहे? अपयश आले तर काय जाते? आतापर्यंत किती घातले? तिसऱ्या प्रश्नाला पोरगा गप्प झाला तर ओरडू नका. लाजेने लपवलेला खर्च दुप्पट होतो.

आपल्या घरांत आई-बापाला फोन शिकवतात ती मुलेच. त्यामुळे यूपीआयचा पिन त्यांना माहीत असतो. तो आज बदला. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय आहे, ती चालू करा. महिन्यातून एकदा बँकेचे मेसेज नीट वाचा. दहा-वीस रुपयांच्या नोंदी सहज नजरेतून सुटतात. न कळत खरेदी झाली असेल तर प्ले स्टोअरकडे पैसे परत मागता येतात, पण अर्ज ४८ तासांच्या आत करावा. 'फुकट डायमंड' देणाऱ्या लिंकवर आणि आयडी विकत घेतो म्हणून ओटीपी मागणाऱ्यावर कधीही विश्वास ठेवू नका.

रात्री दहानंतर फोन अंथरुणात नको. फळीवर चार्जिंगला लावा, मोठ्यांचाही. आपण रील बघत बसलो तर पोराला सांगायचा हक्क उरत नाही. एक नियम पोरालाच करू द्या: झोप आलेली असताना अपग्रेड नाही. पेंगलेल्या माणसाचा हिशोब चुकतो, हे त्यालाही पटते.

आणि जिथे मारहाण, घरातून पैसे घेणे, शाळा सुटणे इथपर्यंत गोष्ट गेली असेल, तिथे १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर फिरवा. तो टोल-फ्री आहे आणि मराठीत बोलता येते. त्यात कमीपणा नाही. ताप आला तर दवाखान्यात जातो, तसेच हे.

शेवटी एवढेच. पोराच्या अंगात मेहनत आहे, धीर आहे, आकडे जुळवायची बुद्धी आहे. ती त्या तलवारीनेच आपल्याला दाखवली. पाच रात्री जागून एक दगड मिळवणारा पोरगा आळशी नसतो. त्याच्या मेहनतीचा मोबदला कोणाच्या लपवलेल्या आकड्यावर लटकू नये, एवढेच आपल्याला बघायचे आहे. अभ्यासिकेत, कामावर, घरात त्याच्या कष्टाची नोंद आपणही घेऊ लागलो, तर एक वाजता गोधडीखाली बटण दाबायची गरज त्यालाच कमी वाटेल.