आधी मेडिकल, मग पेपर, पैसा शेवटी

बारावीचा निकाल लागतो आणि घरातली मुलगी किंवा मुलगा सांगतो, ‘मला पायलट व्हायचंय.’ लगेच दोन बाजूंनी सल्ले सुरू होतात. मामा, आत्या आणि कॉलेजातले सर म्हणतात, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. आधी इंजिनिअरिंग कर, पायावर उभा राहा, मग काय उडायचं ते उड. प्रवेश मिळवून देणारे एजंट म्हणतात, आत्ताच पैसे भरा, कंपन्यांनी शेकड्यांनी विमानं मागवलीत, दीड वर्षात पोरगं लाखांनी कमवायला लागेल. या दोन्ही सल्ल्यांना माझा विरोध आहे. पहिला सल्ला मुलाची इच्छा मारतो, दुसरा घर बुडवतो. आणि वैमानिकाचं काम नेमकं काय असतं, ते या मुलाला झेपेल का, आवडेल का, हे दोघांपैकी एकही विचारत नाही.

‘आधी इंजिनिअरिंग’पासून सुरुवात करू, कारण मध्यमवर्गीय घरात हाच सल्ला सर्वांत जास्त चालतो. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, ज्याला सगळे सीपीएल म्हणतात, तो मिळवायला पदवी लागत नाही. वय १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, क्लास वन मेडिकल, लेखी पेपर आणि २०० तासांचं उड्डाण, एवढं लागतं. मग मुलाने चार वर्षं इंजिनिअरिंगच्या वर्गात का काढायची? ‘हाताशी काहीतरी असावं म्हणून,’ असं उत्तर येतं. या उत्तरात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. वैमानिकाचं मेडिकल ठरावीक मुदतीने पुन्हा नव्याने होतं. कानाचा, हृदयाचा, पाठीचा एखादा विकार निघाला आणि तात्पुरतं का होईना अनफिट ठरवलं की माणूस घरी बसतो. पण हाताशी पदवी असावी असं वाटत असेल तर ती उड्डाणाच्या बरोबरीने घेता येते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून नोकरी करणाऱ्यांना, संसार सांभाळणाऱ्यांना पदव्या देत आलं आहे. ग्राउंड क्लास, म्हणजे लेखी पेपरांची तयारी, करणाऱ्या मुलाला तिथे मनाई नाही. उलट चार वर्षं मागे पडण्याची किंमत या व्यवसायात फार मोठी आहे. एअरलाइनमध्ये बढती ज्येष्ठतेने चालते. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी, एटीपीएलसाठी, १,५०० तास भरावे लागतात. बाविसाव्या वर्षी को-पायलटच्या खुर्चीत बसलेला आणि सव्विसाव्या वर्षी बसलेला यांच्यातलं अंतर पुढे सहसा भरून निघत नाही.

त्यात ज्या गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या जोरावर इंजिनिअरिंगचा आग्रह धरला जातो, ते बारावीचं गणित वैमानिकाला रोज लागतं. अकरावीत सदिशांची बेरीज शिकवली जाते आणि पेपर संपला की बहुतेक मुलं ती विसरतात. एअर नॅव्हिगेशनच्या पेपरात तीच बेरीज समोर येते. १०० नॉट, म्हणजे ताशी १०० सागरी मैल, वेगाने पूर्वेकडे नाक करून निघालेलं विमान, आणि उत्तरेकडून २० नॉटचा वारा. नाक पूर्वेलाच ठेवलं तर तासाभराने विमान ठरलेल्या वाटेपासून २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर दक्षिणेला गेलेलं असतं. नाक साधारण साडेअकरा अंश उत्तरेकडे वळवलं तर वाट सरळ राहते, पण जमिनीवरचा वेग दोनेक नॉटने घटतो. म्हणजे पोचायला उशीर, म्हणजे इंधनाचा हिशोब पुन्हा. मी भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात हे उदाहरण फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरची मुलंही वही उघडतात. ज्या मुलीला हे गणित सोडवताना गंमत वाटते, तिला इंजिनिअरिंगच्या रांगेत उभं करून आपण कोणाचं भलं करतो?

‘विमान आता आपोआप उडतं, पुढे पायलटच लागणार नाहीत,’ हे वाक्य मी पालकसभेत सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. ऑटोपायलट दिलेली दिशा, दिलेली उंची, दिलेला वेग राखतो आणि ते काम माणसापेक्षा चांगलं करतो. पण काय द्यायचं हे ठरवतो माणूस. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले. विमानतळावर परतायचं की समोरच्या हडसन नदीत उतरायचं, हे कॅप्टन सलेनबर्गर यांनी सुमारे साडेतीन मिनिटांच्या आत ठरवलं आणि १५५ माणसं वाचली. ७ ऑगस्ट २०२०ला कोळिकोडच्या टेबलटॉप, म्हणजे पठारावरच्या, धावपट्टीवर, पावसात, पाठीमागून वारा असताना उतरलेलं विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा बळी गेला. चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते विमान पुढे जाऊन टेकत असतानाही पुन्हा वर न नेण्यावर. दोन्ही ठिकाणी यंत्रं होती. एकीकडे वाचणं आणि दुसरीकडे मरणं, दोन्ही माणसाच्या निर्णयाजवळ येऊन थांबतं. कोळिकोडचा दाखला मी मुद्दाम देतो, कारण या कामाचा गौरव करणारेही त्यातली जबाबदारी लपवतात. अठरा वर्षांच्या मुलाला ती आधी कळली पाहिजे.

चष्म्याबद्दलच्या आणि मुलींबद्दलच्या आक्षेपांवर फार शाई खर्च करायची गरज नाही. हवाई दलाच्या निवडीतले डोळ्यांचे निकष वेगळे असतात. नागरी वैमानिकाला चष्मा चालतो. चष्म्यासह नजर ठरलेल्या मापात बसली पाहिजे. खरी अडचण रंग ओळखण्यातल्या दोषाची असते, आणि ती बऱ्याच मुलांना मेडिकलच्या खोलीतच पहिल्यांदा कळते. राहिला मुलींचा प्रश्न. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५मध्ये निवेदिता भसीन यांच्या सोबतीने कोलकात्याहून सिलचरला फक्त महिला वैमानिकांचं प्रवासी विमान नेलं. तरीही ‘मुलीला कसं जमेल’ असं आज विचारणाऱ्याला उत्तर देण्यात वेळ घालवू नये.

आता एजंटांकडे. त्यांचा मुख्य दाखला खोटा नाही, म्हणून तो जास्त घातक आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली, हे खरं. पण ही विमानं अनेक वर्षांत टप्प्याटप्प्याने येणार, आणि प्रत्येक विमानासाठी जो तुटवडा आधी भासतो तो अनुभवी कॅप्टनचा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोला हजारो उड्डाणं रद्द करावी लागली. त्या आठवड्यात मला दोन पालकांचे फोन आले: ‘सर, एवढी टंचाई आहे, म्हणजे नोकरी पक्कीच ना?’ नाही. २०० तासांचा नवा परवानाधारक त्या तुटवड्यात लगेच बसत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७चं टाइप रेटिंग (म्हणजे ते ठरावीक विमान चालवण्याची पात्रता), कंपनीची परीक्षा, सिम्युलेटर चाचणी, मुलाखत, एवढं पार केल्यावर तो को-पायलट होतो. २०२०मध्ये डीजीसीएने ५७८ सीपीएल दिले होते, २०२३मध्ये १,६२२. भरती मात्र लाटांनी होते. किंगफिशर २०१२मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नव्यांची रांग मागे सरकली. एजंटाच्या माहितीपत्रकात ही तीन नावं कधीच नसतात.

‘दीड वर्षा’चंही तसंच. २०० तास कागदावर दीड वर्षात भरतात. प्रत्यक्षात पावसाळ्यात उड्डाणं आठवडेच्या आठवडे थांबतात, विमान दुरुस्तीला जातं, इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून जातो, आणि मुलगा भाड्याच्या खोलीत बसून राहतो. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५पासून फ्लाइंग स्कूलांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. पालकांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून ही यादी वाचावी.

मग करायचं काय? मी क्रम सांगतो, आणि या क्रमावर मी ठाम आहे. बारावीची परीक्षा संपली की पहिल्यांदा क्लास टू मेडिकल, आणि लगेच पुढचं क्लास वन. यात काही हजार रुपये जातात. रंगदोष, हृदयाचा, कानाचा प्रश्न जो निघायचा तो इथे निघू द्या. पन्नास लाख भरल्यावर निघण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मग परीक्षेला बसण्यासाठी लागणारा डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढून पेपर: नॅव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के लागतात आणि पुस्तकं घरी बसून वाचता येतात. सहा-आठ महिन्यांत हे पेपर सुटले तर मुलाची इच्छा गणवेशाच्या पलीकडची आहे असं समजायला हरकत नाही. पैसा त्यानंतर.

आणि या सगळ्याच्या आधी एक सकाळ. महाराष्ट्रात धुळे, शिरपूर, जळगाव, नागपूर, गोंदिया, बारामती इथे प्रशिक्षणाची विमानं उडतात. रीतसर विचारून मुलाला घेऊन एखाद्या सकाळी तिथे जा. उजाडताना विद्यार्थी सेसना १७२भोवती फिरत असतो. पंखाखालच्या झडपेतून तो पारदर्शक कपात थोडं इंधन काढतो आणि प्रकाशाकडे धरून बघतो. निळसर पेट्रोल स्वच्छ आहे का, तळाशी पाण्याचा थेंब आहे का. थेंब दिसला तर ते इंधन टाकून पुन्हा काढायचं, स्वच्छ येईपर्यंत. मग दुसरा पंख. मग इंजिनाच्या तेलाची पट्टी, पंख्याच्या पात्याच्या कडेवर कुठे खाच पडली आहे का हे बघणं, वेग मोजणाऱ्या नळीवरचं आवरण काढलं का. हातात चेकलिस्ट, कालच सगळं बघितलं होतं, तरी आज पुन्हा पहिल्या ओळीपासून. मग तासभर सर्किट: वर जायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर यायचं, उतरायचं, पुन्हा वर जायचं. आठवडेच्या आठवडे हेच. ढगांचे फोटो काढायला आलेला मुलगा इथे कंटाळतो. कपातला थेंब बघायला जो वाकून पुढे होतो, त्याच्यासाठी मी त्याच्या आईवडिलांशी भांडायला तयार आहे.

तरीही त्या आईवडिलांचा एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे: पैसा. देशात सीपीएलपर्यंत आज साधारण ५० लाख लागतात, कुठे थोडे कमी, कुठे बरेच जास्त. टाइप रेटिंगचे १५-२० लाख वेगळे. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी नावाजलेली आहे, प्रवेश परीक्षेतून मुलं घेते, पण तिथली फीही चाळीस लाखांपुढे आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका तारण मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यायला त्या सहसा तयार होत नाहीत. म्हणजे पाच एकर बागायत असलेल्या शेतकऱ्याची मुलगी अडते आणि शहरात एक फ्लॅट असलेल्याचा मुलगा उडतो. ‘हे श्रीमंतांचं काम’ असं लोक म्हणतात तेव्हा ते आजची वस्तुस्थिती सांगतात. माझी हरकत आहे ती ही वस्तुस्थिती निसर्गनियम असल्यासारखी स्वीकारायला.

सरकारने वैमानिक का घडवावेत, असा यावर प्रश्न येतो. दुष्काळ आहे, शाळांना छप्पर नाही, त्यात ही चैन कशाला? पण वैमानिक घडवण्यात सरकारचा हात नव्हता असा काळ या देशात नव्हताच. १९२८मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला त्या काळापासून फ्लाइंग क्लबांना सरकारी अनुदान मिळू लागलं. आजही धावपट्ट्या बहुतेक सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या आहेत. ज्या गावांची जमीन त्या धावपट्टीखाली गेली त्या गावांतली मुलं कुंपणाबाहेरून विमानं मोजतात. त्यांना आत येण्याचा रस्ता मागणं ही चैन नव्हे. राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेने इतर मागास वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना काढली, तेव्हा हे होऊ शकतं हे दिसलंच. आता ते सर्वांसाठी नियमाने व्हावं: क्लास वन मेडिकल आणि सगळे लेखी पेपर स्वतःच्या बळावर पार केलेल्या मुलाच्या कर्जाला राज्याने हमी द्यावी. ही चाळणी एवढी बारीक आहे की तिच्यातून हौशी माणूस निघत नाही.

कर्ज बुडालं तर, असं बँक विचारेल. रास्त आहे. म्हणून फ्लाइंग स्कूललाही त्यात बांधून घ्यावं. आज अनेक ठिकाणी मोठी रक्कम आगाऊ भरून घेतात. मग तास रखडले तर नुकसान फक्त मुलाचं. फी उडवलेल्या तासांप्रमाणे, लॉगबुकात नोंद झाल्यावरच द्यायची, असं डीजीसीएने सक्तीचं करावं. पावसाळ्यात विमान जमिनीवर राहिलं तर ते स्कूलच्या हिशोबात दिसेल, आणि विद्यार्थ्याला खोलीवर बसवून ठेवणं कोणालाच परवडणार नाही.