बावीस की बत्तीस?

दसरा जवळ आला की देवळाच्या अग्रशाळेत एक विषय हटकून निघतो. गावात कोणा तरुणास नेमबाजीचा छंद लागलेला असतो, त्याला रिव्हॉल्वर घ्यावयाचे असते, आणि पानसुपारीच्या तबकाभोवती बसलेली वडीलधारी मंडळी त्यास एकमुखाने सांगतात : ‘घ्यायचे तर बत्तीसचे घे. बावीस हे पोरांचे खेळणे.’ हा उपदेश जितक्या आत्मविश्वासाने केला जातो तितकाच तो निराधार आहे. नळीच्या व्यासावरून घराण्याची प्रतिष्ठा मोजण्याचा हा प्रकार आहे, आणि नेमबाजीशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही.

द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली ती कथा आपण कीर्तनांतून शंभर वेळा ऐकली आहे. ‘तुला काय दिसते?’ एवढेच आचार्यांनी विचारले. धनुष्याचे वजन विचारल्याचे कोणाही कीर्तनकाराच्या तोंडून मी अद्याप ऐकलेले नाही.

आता वस्तुस्थिती पाहू. बावीसच्या लाँग रायफल काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते. बत्तीसच्या स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसातील गोळी ६ ग्रॅमांहून अधिक. गोळी जड तसा हाताला बसणारा धक्का मोठा. नवशिक्याचे मन हा धक्का फार लवकर ओळखते, आणि मग चाप पुरता ओढला जाण्यापूर्वीच मनगट दचकून खाली जाते. हा दोष एकदा अंगी मुरला की वर्षानुवर्षे निघत नाही. तो उघड करण्याची युक्ती रिव्हॉल्वरमध्ये आयतीच आहे. सोबत्याने फिरत्या चक्रात काही भरलेली काडतुसे आणि काही वापरलेली टरफले सरमिसळ घालून द्यावीत. टरफलावर घोडा पडला की नळीने मारलेली बुडी सर्वांस दिसते, आणि ‘काडतुसेच खराब होती’ ही सबब तेथेच संपते. (कोठ्या कोऱ्या मात्र ठेवू नयेत. बावीसच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला त्याच्या काठात असतो; म्हणून घोड्याचा आघात काठावर होतो, आणि कोठी रिकामी असल्यास तिचीच कड चेपण्याचा संभव असतो.)

‘एकच हत्यार संरक्षणासही आणि सरावासही उपयोगी पडावे’ हा प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा. दिसावयास तो व्यवहारी आहे. परंतु खिशात वा पर्समध्ये मावावे म्हणून घडविलेले हत्यार निशाणाच्या कामी नेमके उलटे पडते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली काढलेले बत्तीस बोअरचे ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, नळी आखूड. माशी आणि मागची खाच यांतील अंतर १० सेंटिमीटर धरले, तर तेथे झालेली १ मिलिमीटरची चूक २५ मीटरवरील निशाणावर २५ सेंटिमीटर होते. अंतर २० सेंटिमीटर असेल तर तीच चूक निम्मी. म्हणून निशाणासाठी रिव्हॉल्वर घेणाराने लांब नळी, पुरेसे वजन आणि हलवून जुळविता येणारी खाच एवढे पाहावे. बावीस बोअरचेच परंतु २५० ग्रॅमचे ‘निडर’ही या कसोटीस उतरत नाही, हेही सांगितले पाहिजे, माझा पक्ष केवळ आकड्याचा नव्हे.

बत्तीसचे काडतूस नेमबाजीस निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यास चालतो, आणि तेथे याच काडतुसाची सपाट तोंडाची गोळी मान्यता पावलेली आहे. २००६ साली दोहा येथे जसपाल राणा यांनी ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती या प्रकारात. परंतु २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी सुवर्णपदक मिळविले ते बावीसच्या पिस्तुलाने! पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांत भेद आहे, हे मान्य. काडतुसाचा व्यास तोच. ज्यास खेळणे म्हणून हिणविले जाते ते हेच.

कायद्याची बाजू आमच्या उपदेशकांना बहुधा ठाऊकच नसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठी बावीस बोअरची रायफल वा एअर रायफल हवी असल्यास परवाना द्यावा असे सांगते. रिव्हॉल्वर त्या सवलतीत येत नाही. त्यासाठी योग्य कारण दाखवून अधिकाऱ्याचे समाधान करावे लागते. मग अर्जदार काय करतो? हौस असते नेमबाजीची, आणि अर्जात लिहितो ‘जिवास धोका’! असले अर्ज वकिलाच्या टेबलावर पुष्कळ येतात. क्लबचा खराखुरा सभासद असणाराने नेमबाजी हेच कारण उघडपणे लिहावे, आणि मागितलेले हत्यार त्या कारणाशी जुळावे. तेथे बावीसचा आकडा अर्जदाराच्या बाजूने साक्ष देतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात. म्हणजे निवड चुकली तर ती सुधारण्यास जागाही थोडी. ९ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची स्वप्ने पाहणारांनी तर ती सोडूनच द्यावीत. ते वर्जित आहे.

प्रतिष्ठेसाठी घेतलेले हत्यार चांदमारीच्या मैदानावर जात नाही. त्याला प्रेक्षक हवे असतात, आणि प्रेक्षक लग्नाच्या मांडवात किंवा पालखीच्या वाटेवर भेटतात. ग्वाल्हेरकडील आपल्या बांधवांना हे विस्ताराने सांगावयास नको. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने, इतरांच्या जिवास धोका होईल अशा रीतीने आनंदाच्या भरात गोळीबार करणारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत, आणि तिच्या स्पष्टीकरणात विवाहसमारंभांबरोबर धार्मिक स्थळांचाही नामनिर्देश आहे. आमच्या देवस्थान समित्यांनी यंदाच्या उत्सवपत्रिकेत हे कलम छापावे, आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहावे : भरलेले शस्त्र प्राकारात आणू नये, मग ते बावीसचे असो की बत्तीसचे.