चिमुकला मावळा धरावा कसा?

ज्या घरात आठदहा वर्षांचे मूल आहे, त्या घरात दिवाळीबरोबर किल्ला आलाच. माती कोठून आणावी, बुरूज कसे रचावे, अहाळीव केव्हा पेरावे याविषयी ज्याला त्याला मत असते. मावळे रंगवण्याच्या कामाकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. आणि रडारड होते ती बहुधा तेथेच. बोटभर उंचीचा मावळा डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा आणि उजव्या हाताने त्याचा अंगरखा रंगवायचा. अंगरखा झाला की पागोट्याला जागा हवी म्हणून चिमूट खाली सरकवायची, ती नेमकी ओल्या अंगरख्यावर! मावळ्याच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा उमटतो आणि अंगठ्यावर मावळ्याचा रंग. मग रंग वाईट ठरतो, ब्रश भिकार ठरतो, आणि अखेर वडीलमंडळी ‘आण इकडे, मी करून देतो’ म्हणून सारा पसारा आपल्यापुढे ओढून घेतात. किल्ला पुरा होतो, पण तो मुलाचा राहत नाही.

खरे पाहता यात दोष रंगाचा नसतो आणि मुलाचा तर नसतोच. वस्तू बोटांनी धरली, येथेच सारे बिनसते. रंगवायची वस्तू हातात धरायचीच नाही. तिला दांडी जोडायची आणि ती दांडी धरायची. दांडी जोडायची तीही अशा जागी, की जी मागाहून कोणाच्या नजरेस पडणार नाही.

मावळे घरीच शाडूचे करणार असाल तर काम फारच सोपे. मावळा ओला आहे तोवरच त्याच्या पायाखालून पोटापर्यंत उदबत्तीची जळून उरलेली काडी खुपसून ठेवावी. देवघरात या काड्या रोज फुकट जातात. काडी बारीकच हवी. शाडू वाळताना आकसतो, आणि आत जाडजूड काडी असली तर तिच्याभोवती तडकतो. बारीक काडीला मात्र तो आवळून घट्ट धरतो. उदबत्तीची काडी नसेल तर खराट्याचा हीर चालेल. मावळा वाळला की काडी दोन बोटांत फिरवत पुढून, मागून, बगलेतून हवे तसे रंगवावे. अंगाला बोट लावण्याचे कारणच उरत नाही.

बाजारातून प्लॅस्टरचे कोरे मावळे आणले असतील तर त्यांना काडी टोचता येत नाही. तेथे औषधाची लहान रिकामी बाटली घ्यावी. तिच्यात वाळू भरावी, म्हणजे ती लवंडत नाही. टोपणावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचा तुकडा लावून त्यावर मावळ्याची बैठक दाबून बसवावी. प्लॅस्टरवरची धूळ आधी पुसून घ्यावी, नाहीतर पट्टी धुळीला चिकटते आणि मावळा खाली येतो. मुठीत बाटली धरली की बोटे आखडत नाहीत आणि मूल पाऊण तास न कुरकुरता बसते, हा यातला मोठाच फायदा.

याच बाटलीमुळे घरातल्या आजोबांनाही या कामात घेता येते. हात थरथरतो म्हणून त्यांना नुसते बघत बसवण्याची पद्धत मला मुळीच आवडत नाही. त्यांना दोन्ही कोपरे टेबलावर टेकवू द्यावीत, दोन्ही मनगटे एकमेकांना भिडवावीत आणि ब्रशाच्या हाताची करंगळी बाटलीवर टेकवावी. थरथर थांबत नाही, पण दोन्ही हात मिळून हलतात. ब्रश आणि मावळा यांमधले अंतर फारसे बदलत नाही. मिशी काढायचे काम बेलाशक त्यांच्याकडे सोपवावे.

आता सुटे भाग. भाला रंगवायचा तर तो हातात धरायचा त्या जागी चिमट्यात पकडावा, कारण तो भाग पुढे मावळ्याच्या मुठीतच झाकणार असतो. रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे मिळणारा दातेरी चिमटा काडीच्या टोकाला बांधला तर असल्या कामाला दुसरे काही नको. दातांचे वळ उठू नयेत म्हणून त्यांवर कागदी पट्टी गुंडाळावी. ढालीला पाठीमागून चिकट पुटीचा गोळा लावून काडी रोवावी. मेण मात्र वापरू नये. मेण लागलेल्या जागी पाण्याचा रंग धरत नाही. कणकेचा गोळाही नको. तो रात्रीतून सुकतो आणि मुंग्यांना आमंत्रण जाते ते वेगळेच.

तोफेच्या चाकाची मौज निराळी. भोकात दातकोरणी घट्ट बसवावी, ब्रश धावेला नुसता टेकवून स्थिर धरावा आणि दातकोरणी गिरकावी. काठ असा गोल रंगतो, की ब्रश फिरवून जन्मात रंगणार नाही! बंगलोर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी अशीच रंगतात. लाकूड चरकावर फिरत असते, कारागीर त्यावर लाखेची कांडी दाबतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. आणि रंग, चकाकी सारे झाल्यावरच खेळणे मूळ लाकडापासून कापून वेगळे करतात. तोवर ते लाकूडच त्याची दांडी.

विमाने-जहाजांची प्लास्टिकची मॉडेले जोडणाऱ्या मोठ्या मुलांनाही हीच युक्ती लागू. १:७२ या प्रमाणात सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो; मग त्याचे हात केवढे असतील याचा विचार करा! असले भाग चौकटीला जोडलेलेच येतात. ते तोडण्याची घाई करू नये. चौकट धरूनच रंगवावे, मग कापावे आणि कापल्याजागी रंगाचा एक ठिपका द्यावा. रंगाआधी सारी चौकट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवली तर बोटांचा तेलकटपणा निघतो. जोडाची जागा कोरी ठेवावी. या मॉडेलांचा गोंद प्लास्टिक विरघळवून जोड पक्का करतो. रंगाच्या थरावर त्याचे काही चालत नाही.

रंगवलेला भाग वाळेपर्यंत उभा कोठे करावा, ही शेवटची अडचण. वाटीभर वाळू उत्तम. अर्धा कापलेला बटाटा पालथा घालून त्यात काड्या टोचल्या तरी चालते. थर्मोकोलचा तुकडा सोयीचा खरा, पण थिनरचे रंग असतील तर तो दूर ठेवावा. थिनर त्याला पाहता पाहता खाऊन टाकतो आणि काड्या आडव्या होतात. प्लास्टिकच्या मॉडेलांवरही थिनर सांडू देऊ नये, कारण बहुतेक मॉडेले आणि थर्मोकोल ही दोन्ही पॉलिस्टायरीनचीच भावंडे. ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात पंधरावीस मिनिटांत वरवर सुकतो, तेलाच्या रंगाला रात्रभर हात लावू नये. आणि तेलरंग, थिनर यांचे काम उघड्या खिडकीपाशी, पणत्या लावण्याच्या वेळेपूर्वी उरकावे.

शाडूच्या मावळ्याची काडी शेवटी उपटून काढू नये. दीड इंच ठेवून बाकीची कापावी आणि तेवढी किल्ल्याच्या ओल्या मातीत रोवावी. मग शेजारच्या अंगणात लवंगी फुटली तरी तटावरचा पहारेकरी कोलमडत नाही, आणि अहाळिवाला पाणी शिंपडताना त्याला उचलून बाजूला ठेवावेसे वाटले तर डोक्याला न धरता काडीशी धरूनच उचलावे. शाडूवरचा पाण्याचा रंग ओल्या बोटाला लगेच येतो.