अँगल धरणाऱ्यालाही काच पाहिजे

आपल्या नारायणगाव भागात बऱ्याच वस्त्यांवर आता स्वतःचं वेल्डिंग मशीन आहे. द्राक्षाच्या मांडवाचा अँगल, ट्रॉलीचा फाळका, सगळं घरीच जोडतो. मशीनला हजारो रुपये घालतो आन डोळ्याला उन्हाचा गॉगल! हे बरोबर नाय.

आर्कची अतिनील किरणं बुबुळ भाजतात. तेव्हा काही कळत नाही. सहा-बारा तासांनी, रात्री, डोळ्यात वाळू गेल्यागत होतं. मग बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

साध्या रॉडला, 100 ते 150 अँपिअरवर, 10 किंवा 11 नंबरची काच लागते. गॅस कटिंगचा चष्मा इथं चालत नाही, तोंड-मानही उघडी राहते. ऑटो हेल्मेट आर्क पेटताच आपोआप काळं होतं, दोन्ही हात मोकळे राहतात. फक्त सेन्सर पुसून घ्या. मध्ये पाइप आडवा आला तर काच काळी होत नाही. तडा गेलेली काच लगेच बदला.

पण माझं खरं म्हणणं दुसरंच आहे. वेल्डिंग करणारा हेल्मेट घालतो आणि अँगल धरणारं पोरगं नुसती मान फिरवून उभं राहतं. झोत बाजूनंही लागतो, पत्र्यावरून उलटूनही येतो. त्याला त्याच नंबरच्या काचेची हातातली शिल्ड द्या, नायतर अँगलला शिकंजा लावा आन त्याला लांब पाठवा.

दोघांची सोय झाल्याशिवाय रॉड पेटवू नका. पटतंय का बघा.