बुरशीला तिचे विष बाधत नाही, आपल्याला बाधते

यवतमाळ जिल्ह्यात विष म्हटले की आपल्याला फवारणी आठवते. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. पण आणखी एक विष आपल्याच घरात, ओलसर भिंतीला टेकलेल्या पोत्यात तयार होते. त्याबद्दल वस्तीत कोणी बोलत नाही. ते बोलले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ओल लागलेला भुईमूग, मका, सरकी यांवर हिरवट-पिवळी बुरशी चढते. तिचे नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष बनवते. मग या विषाने ती स्वतः का मरत नाही?

कारण तिने आपली सोय करून ठेवली आहे. विष बनवण्याच्या शेवटच्या पायऱ्या ती पेशीतल्या अगदी बारीक पिशव्यांमध्ये उरकते. या पिशव्या पेशीच्या कडेला जातात आणि विष बाहेर टाकतात. बाहेर म्हणजे कुठे? आपल्या दाण्यात.

काही जण म्हणतात, "बुरशीपासूनच तर पेनिसिलिन बनते, मग बुरशीने काय होते?" पेनिसिलिन देणारी बुरशी वेगळी आहे. पेनिसिलिन जंतूंच्या पेशीची भिंत बांधू देत नाही. बुरशीची भिंत वेगळ्या मालाची असते, म्हणून ती वाचते. माणसाच्या पेशीला तर भिंतच नसते, म्हणून ते आपल्याला औषध म्हणून चालते. अफ्लाटॉक्सिनचे तसे नाही. आपले यकृत, म्हणजे लिव्हर, ते विष मोडायला जाते आणि मोडता मोडता त्याला आणखी जहाल करते. ते यकृताच्या पेशीतल्या डीएनएला चिकटते. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्याला हिपॅटायटिस बी ची कावीळ आहे, त्याचा धोका कितीतरी पटीने वाढतो.

एकदम जास्त गेले तर माणूस काही आठवड्यांतही जातो. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्यांना बुरशी दिसत नव्हती असे नाही. घरात दुसरे धान्य नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे आहे की हा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा नाही. बाजारात काळे, फुटके शेंगदाणे स्वस्त मिळतात आणि ते आपल्याच घरी येतात. भिजलेले धान्य मजुरीत दिले जाते. "गरिबाला काय होते, त्याला पचते," असे म्हणणारे आजही आहेत. गरिबाचे यकृत काही वेगळे नसते.

"अन्न टाकू नये" असे आपल्या आया सांगत आल्या, कारण त्यांनी उपासमार भोगली. ते बरोबरच आहे. पण बुरशीचा दाणा हे अन्न नव्हे. तो टाकणाऱ्या सुनेला कोणी बोलू नये. भाजल्याने, शिजवल्याने हे विष जात नाही. वरची बुरशी धुतली तरी आतले विष राहते. सुरकुतलेला, रंग बदललेला, कडू लागणारा दाणा निवडून काढा. तो कोंबड्यांनाही टाकू नका. हे विष उघडकीला आले तेच १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले तेव्हा. बुरशीची ढेप गाईला घातली तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपली लेकरे पितात.

धान्य कडक उन्हात वाळवा. पोते जमिनीवर नको, विटांवर फळी टाकून भिंतीपासून हातभर दूर ठेवा. बाळ जन्मले की चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

आणि रेशनवर कुबट वासाचे, बुरशीचे धान्य आले तर ते मुकाट्याने घरी आणू नका. दुकानातच परत करा, दहा-बारा जणांनी मिळून तहसीलच्या पुरवठा विभागात लेखी तक्रार द्या, १९६७ या क्रमांकावर फोन करा. रेशन ही कोणाची मेहरबानी नाही, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. हक्काचे धान्य खाण्यालायक असलेच पाहिजे.