जिनवाल्यांची रिकामी हजेरीवही

यवतमाळ जिल्ह्यांतील जिनिंग-प्रेसिंगचा धंदा हंगामी आहे. या हंगामीपणाच्या सबबीखालीं मुकादमाच्या तोंडी हिशेबावर मजूर लावण्याची वहिवाट पडली. सरकीच्या पोत्यापोत्याची नोंद होते; माणसाची मात्र होत नाहीं! मग पट्ट्यांत कोणाचा हात सांपडला, अगर अखेरची मजुरी राहिली, म्हणजे न्यायासनापुढें दाखविण्यासारखा कागद मालकाजवळ निघत नाहीं. त्यानें कायद्यास पक्षपाती म्हणावें, हें आम्हांस नवल वाटतें.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलांत आल्या आहेत. नेमणुकीचें पत्र, मासिक वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आंत, कामावरून दूर केल्यास २ कामाच्या दिवसांत चुकता हिशेब, आणि २० अगर अधिक कामगार असतील तेथें उभयपक्षांच्या समसमान सभासदांची तक्रार-निवारण समिती, हीं त्यांतील मुख्य बंधनें. पुष्कळ मालकांस समिती जाचक वाटते. त्यांनीं अहमदाबादेकडे पाहावें. १९१८ सालीं तेथील गिरणीमालकांनीं ठरलेला लवाद मोडून टाळेबंदी केली. संप झाला, गिरण्या बंद राहिल्या, आणि अखेर लवादाकडूनच ३५ टक्के वाढ मान्य करावी लागली. मधलें नुकसान कोणाच्या पदरीं पडलें?

येत्या हंगामाची पहिली गाठ बांधण्यापूर्वीं प्रत्येक मजुराचें नांव, दर व सही-अंगठा वहींत चढला पाहिजे. मुकादमास दिलेला पैसा मजुराच्या हातीं पडतो कीं नाहीं, हेंही मालकानें स्वतः पाहावें. ठेकेदारानें बुडविलेल्या वेतनाची जबाबदारी कायद्यानें शेवटीं त्याच्यावरच येते.