आजार जन्माचा, डॉक्टर वर्षाचा

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरील नागाव हे नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव मुंबईच्या पर्यटकाला किनाऱ्यामुळे ठाऊक आहे. किनाऱ्यावर वर्षभर राहणाऱ्या माणसांच्या प्रकृतीची विचारपूस मात्र क्वचितच होते. साथीच्या रोगांनी माणसे मरत, तेव्हा फवारणी व लस यांनी पुष्कळ साधले. आजचे मुख्य आजार मधुमेह आणि रक्तदाब हे आहेत, आणि ते मोहिमेने हटणारे नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखविले. हा केवळ शहरी सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही.

या आजारांचे वैशिष्ट्य असे, की प्रारंभी ते दुखत नाहीत. बरे वाटले की रोगी गोळी सोडतो, आणि काही वर्षांनी अर्धांगवायू किंवा मूत्रपिंडाचा विकार घेऊन इस्पितळात पोचतो. तेथला तज्ज्ञ निष्णात असेलही. पण तो भेटतो तो उशिरा. वेळीच सावध करू शकतो तो घर ओळखणारा डॉक्टर. सुक्या मासळीतून पोटात किती मीठ जाते, बापाला मधुमेह होता काय, कोणाचा रोजगार सुटला, हे त्याला ठाऊक असते. मुलाचा ताप दाखवावयास आलेल्या आईचाही रक्तदाब तो तपासतो. कुटुंबवैद्यक हे स्वतंत्र शास्त्र आहे, ते याच अर्थाने.

शासनाचा ओढा मात्र दुसरीकडे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हृदयावरील शस्त्रक्रियेचा व डायलिसिसचा खर्च उचलते, आणि ते योग्यच आहे. परंतु ती पाळी येऊ नये म्हणून रोज लागणारी गोळी आरोग्य केंद्रात संपली, की रोजंदारीवरील माणसाला ती पदरच्या पैशाने घ्यावी लागते. 2018 पासून उपकेंद्रांना ‘आरोग्यवर्धिनी’ म्हटले गेले, 2023 साली ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव आले. पाटी बदलल्याने रक्तदाब उतरत नाही. सक्तीच्या सेवेचे एक वर्ष भरून डॉक्टर निघून जातो. आजार जन्माचा, डॉक्टर वर्षाचा, असा हा व्यवहार आहे.

दुसरा मार्ग असू शकतो, हे याच तालुक्याने दाखविले आहे. डॉ. नोशीर अंटिया यांच्या मांडवा प्रकल्पात सत्तरच्या दशकात अल्पशिक्षित गावकरी स्त्रियांनी क्षय व कुष्ठरोग यांसारख्या दीर्घ उपचारांच्या आजारांत घरोघर पाठपुरावा केला. स्थानिक हितसंबंधीयांच्या विरोधापुढे तो प्रकल्प टिकला नाही. पण कल्पना खोटी ठरली नाही. 2017 साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात कोकणातील सिंधुदुर्ग जिल्हा होता. ठरावीक औषधक्रम, अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, ही त्याची प्रमुख साधने होती.

खासगी फॅमिली डॉक्टर हे काम करीत असे, असे कोणी म्हणेल. अनेकांनी ते निष्ठेने केलेही. परंतु ज्याचे पोट आजाऱ्याच्या फीवर चालते, त्याला आजार टाळण्याचे वेतन कोण देणार? ते समाजानेच दिले पाहिजे. मध्यमवर्गाला पूर्वी लाभलेला घरचा डॉक्टर वाडीत राबणाऱ्या मजुराला व कोळणीलाही हक्काने मिळाला पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक कुटुंब एका डॉक्टरच्या नावे नोंदलेले असावे, आणि त्या डॉक्टरला किमान पाच वर्षे तेथे राहता येईल असे वेतन व निवास मिळावा. अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने कुटुंबवैद्यकाच्या शिक्षणात पुढाकार घ्यावा. आशासेविकांना मानधनाऐवजी नियमित वेतन द्यावे. गोळ्यांचा साठा किती शिल्लक आहे आणि किती रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला, हा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जावा. तो मागण्याचे काम कार्यकर्त्यांनी नागावपासून सुरू करावे. इस्पितळाच्या उद्घाटनाला गर्दी जमते. न झालेल्या अर्धांगवायूची मिरवणूक निघत नाही. त्यासाठी झटणे हेच खरे लोककार्य होय.